कस्टरच्या जंगलातून गाडी नेताना: आधी गाडीची रुंदी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोजवळ राहणारं जोडपं, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सत्तरीचे आईबाबा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात साउथ डकोटात माउंट रशमोर, म्हणजे डोंगरात कोरलेले चार अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, बघायला जायचं आहे. त्याच दिवशी कस्टर स्टेट पार्कमधला नीडल्स हायवे आणि आयर्न माउंटन रोडही उरकायचा विचार आहे, कारण नकाशावर दोन्ही मिळून जेमतेम ३०-३२ मैल, म्हणजे दोन तासांचं काम दिसतं. मोटरहोम भाड्याने घ्यावी की सात आसनांची व्हॅन? आईंना गाडी लागते, त्यांचं काय करावं? आणि बाबांनी चाळीस वर्षं घाटात गाडी चालवली आहे, त्यांना थोडा वेळ चालवू द्यावी का?

मी सोळा वर्षं मिनेसोटात राहते आणि या पार्कात आजवर अकरा वेळा गाडी घेऊन गेले आहे. दोनदा एकटी, बाकीच्या वेळी कुणाचे ना कुणाचे आईवडील किंवा सासूसासरे मागच्या सीटवर होते. त्यामुळे तुमचे प्रश्न माझ्या चांगले ओळखीचे आहेत.

मोटरहोम नको. या रस्त्यांसाठी तर नकोच. नीडल्स हायवेवर खडकातून कोरलेले अरुंद बोगदे आहेत. त्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध नीडल्स आय. पार्कने दिलेलं त्याचं माप आहे रुंदी ८ फूट आणि उंची ९ फूट ९ इंच. त्याच रस्त्यावरचे हूड आणि आयर्न क्रीक हे बोगदे ८ फूट ९ इंच रुंद आहेत. घरासारखी मोटरहोम एवढ्या फटीतून जात नाही. गेलीच तर आरसे आणि छपरावरचं एसीचं खोकं तिथेच ठेवून जाईल. व्हॅन जाते, पण तीही मोजून न्यायची. गाडीच्या माहितीपत्रकात जी रुंदी छापलेली असते, ती बहुधा आरसे सोडून असते. भाड्याची गाडी ताब्यात घेतलीत की तिथेच टेप काढून एका आरशाच्या टोकापासून दुसऱ्या आरशाच्या टोकापर्यंत मोजा. आरसे मिटवून पुन्हा मोजा. ८ फूट म्हणजे ९६ इंच. दोन्ही बाजूंना निदान तीन-चार बोटं जागा उरते ना, एवढं बघायचं.

हे मी इतकं जीव तोडून सांगते याला कारण आहे. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे भाड्याची मोठी गाडी होती. आरसे मिटतात की नाही हे मी आधी बघितलंच नव्हतं. नीडल्स आयच्या तोंडाशी उभी असताना मागे सात-आठ गाड्या जमल्या होत्या, समोरून लोक फोन उगारून व्हिडिओ घेत होते. त्या दडपणाखाली मी आत शिरले आणि उजवा आरसा ग्रॅनाइटला घासून फुटला. गाडीत माझ्या मावससासूबाई होत्या, काचेच्या आवाजाने त्या एवढ्या दचकल्या की पुढचा अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. नुकसान आरशाचं झालं, पण त्यांचा दिवस माझ्यामुळे वाया गेला, ते मला अजून लागून राहिलं आहे. बोगद्याच्या आधी गाड्या लावायला जागा आहे. तिथे थांबा, उतरा, चालत बोगद्यातून आरपार जाऊन या, मग ठरवा. मागच्याला घाई असली तर त्याला पुढे जाऊ द्या.

आता त्या दोन तासांच्या हिशोबाबद्दल. नीडल्स हायवे १४ मैलांचा आहे, आयर्न माउंटन रोड १७ मैलांचा. मैल बघून वेळ काढलात तर फसाल. हे रस्ते मुद्दाम सावकाश जाण्यासाठी आखलेले आहेत. एका माणसाने ठरवून ते तसे करून घेतले. त्याचं नाव पीटर नॉर्बेक. धंद्याने तो विहिरी खोदणारा होता. १९१७ ते १९२१ साउथ डकोटाचा गव्हर्नर, मग १९३६ साली वारला तोवर अमेरिकेच्या सिनेटमध्ये. गव्हर्नर असताना, १९१९ साली, त्याने हे स्टेट पार्क उभं केलं. त्यातल्या रस्त्यांची आखणी कागदावर न करता पायी आणि घोड्यावरून, जंगलात फिरून केली. स्कोव्हेल जॉन्सन या अभियंत्याला त्याने विचारलं की नीडल्स म्हणतात त्या सुयांसारख्या दगडी सुळक्यांमधून रस्ता होईल का, आणि जॉन्सन म्हणाला, पुरेसा डायनामाइट द्या, होईल. असं तिथे आजही सांगतात. १९२२ साली नीडल्स हायवे पुरा झाला. नॉर्बेकचं म्हणणं असं होतं की इथून ताशी २० मैलांच्या वर कुणी जाऊच नये, आणि खरं बघायचं असेल तर उतरून चालावं.

हे कळलं की रस्त्याचा स्वभाव कळतो. आपल्याकडचा घाट डोंगर ओलांडायला बांधलेला असतो. वळण येतं ते नाइलाजाने, कारण चढ कमी करायचा असतो. इथे वळण आलं की समजायचं, पलीकडे काहीतरी दाखवायचं आहे. आयर्न माउंटन रोडवर ३१४ वळणं आहेत. नुसता आकडा ऐकून आईंच्या पोटात ढवळेल. पण हा रस्ता १९३० च्या दशकात पुरा करताना त्यातले बोगदे अशा दिशेने खोदले आहेत की आत शिरलं की पलीकडच्या तोंडाच्या चौकटीत बरोबर रशमोरचे चार चेहरे दिसतात. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार एकदम तीव्र होतो. तिथे सी. सी. गिडियन यांच्या कल्पनेतून आलेले लाकडी पूल आहेत. रस्ता गोल वळसा घेत उतरतो आणि आपण नुकताच ओलांडलेल्या पुलाच्या खालून जातो. शेपटीसारखे पीळ पडलेले असे तीन पूल आहेत. काही ठिकाणी जाणारी आणि येणारी मार्गिका वेगळी होते, मधे झाडं येतात आणि एकेरी पायवाटेवरून चालल्यासारखं वाटतं.

म्हणून दिशा फार महत्त्वाची. रशमोर आधी बघून आयर्न माउंटनने दक्षिणेकडे पार्कात उतरलात तर ते चार चेहरे तुमच्या पाठीमागे राहतील. बोगद्यात समोर फक्त झाडं. बहुतेक जण हेच करतात, कारण नकाशा तसंच सांगतो. तुम्ही उलटं करा. मुक्काम कस्टर गावात किंवा पार्कातच ठेवा. सकाळी पार्कातल्या स्टेट गेम लॉज या जुन्या हॉटेलच्या बाजूने आयर्न माउंटन रोडला लागा आणि उत्तरेकडे रशमोरला पोहोचा. चेहरे आग्नेयेकडे बघतात, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर असतं. दुपारनंतर सावली पडते आणि फोटोत सगळं करडं येतं. (गेम लॉजमध्ये १९२७ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज येऊन राहिले होते. बाबांना इतिहासाची आवड असेल तर तिथे पाच मिनिटं थांबा.)

बोगद्यांपैकी एकाला डोन रॉबिन्सन याचं नाव आहे. हा राज्याचा इतिहासकार. डोंगरात शिल्पं कोरायची मूळ कल्पना त्याची, आणि ती त्याला कोरायची होती नीडल्सच्या सुळक्यांवर. शिल्पकार गट्झन बोरग्लम याने ते सुळके पाहिले आणि नकार दिला, दगड फार बारीक आणि झिजलेला आहे म्हणून. मग रशमोर निवडलं गेलं. नीडल्समधून जाताना मला दर वेळी वाटतं, फार बरं झालं. सुमारे १.७ अब्ज वर्षं जुना ग्रॅनाइट, उभ्या भेगांमधून पाणी आणि बर्फ शिरून सुयांसारखा तासला गेलेला. त्यावर माणसाचा चेहरा हवा कशाला?

नीडल्सला दुसरा दिवस द्या. कस्टर गावातून ८९ नंबरच्या रस्त्याने सिल्व्हन लेकला या, म्हणजे हूड बोगदा टळतो आणि एक ताण कमी होतो. सकाळी सातच्या आत पोहोचलात तर तळ्याचं पाणी काचेसारखं असतं. भोवतीची वाट साधारण मैलभराची आहे, आईबाबा सहज करतील, फक्त धरणाच्या मागच्या बाजूला दगडांमधून उतरावं लागतं तिथे हात द्या. तिथून दोनेक मैलांवर नीडल्स आय, पुढे कॅथीड्रल स्पायर्सचे सुळके, मग आयर्न क्रीकचा बोगदा, आणि खाली लीजन लेकजवळ मोठ्या रस्त्याला लागायचं. आठच्या आत बोगदा पार करा. दहानंतर तिथे रांग असते, आणि रांगेत उभं राहून बोगदा ओलांडणं आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश ओलांडणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

सिल्व्हन लेकवरून जी वाट डोंगरावर जाते ती ब्लॅक एल्क पीकची, ७,२४२ फूट, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. २०१६ पर्यंत त्याचं नाव हार्नी पीक होतं, एका लष्करी अधिकाऱ्याचं. आता ते इथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांच्या एका पुण्यपुरुषाच्या नावाने ओळखलं जातं. मुलांना हे जरूर सांगा. हा सगळा डोंगरी मुलूख, ज्याला लाकोटा पहा सापा म्हणतात, १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने त्यांचा म्हणून मान्य झाला होता. १८७४ मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याची फौजेची मोहीम इथे शिरली, फ्रेंच क्रीकमध्ये सोनं सापडलं, आणि तह पायदळी तुडवला गेला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने जमीन बेकायदा घेतल्याचं मानून भरपाई ठरवली. ती त्यांनी आजवर घेतलेली नाही, कारण त्यांना जमीन हवी आहे. ज्याच्या मोहिमेपासून हे सगळं सुरू झालं त्या कस्टरचंच नाव पार्कला आहे. मी हे गाडीत सांगते तेव्हा मागच्या सीटवरची माणसं खिडकीबाहेर वेगळ्या नजरेने बघायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरा रस्ता तुमच्या यादीतच नाही, आणि माझ्या मते आईबाबांसाठी तोच सगळ्यांत चांगला. वाइल्डलाइफ लूप रोड, १८ मैल. वळणं सौम्य, बोगदा नाही, कडा नाही. पाइनचं जंगल आणि गवताळ माळ आळीपाळीने येत राहतात. सूर्योदयाला ब्लू बेलच्या बाजूने शिरा आणि गेम लॉजपाशी बाहेर पडा, म्हणजे तिथूनच आयर्न माउंटनला लागता येतं. पार्कात तेराशेच्या आसपास बायसन आहेत. पार्क होण्याआधीच, १९१४ साली, इथे ३६ जनावरं विकत आणून सोडली, त्यांचा हा विस्तार. आपण राधानगरी-दाजीपूरच्या गव्याला बायसन म्हणतो, पण तो वेगळा प्राणी. हा खांद्याला उंच, पुढून लोकरीचा, डोकं खाली लोंबलेलं. मोठा नर हजार किलोच्या जवळ जातो आणि ताशी ३५ मैलांनी पळू शकतो. ऑगस्ट हा त्यांच्या माजाचा काळ. नर एकमेकांवर धावून जातात, धुळीत लोळतात, आणि त्यांचा घुमणारा आवाज बंद काचेतूनही ऐकू येतो.

कळप रस्त्यावर आला तर गाडी थांबवा आणि थांबूनच राहा. हॉर्न नाही, मधूनच पुढे सरकणं नाही. ते आपणहून वाट देतात, कधी पाच मिनिटांत, कधी चाळीस. उतरायचं नाही. बाहेर असताना निदान १०० यार्ड अंतर हवं. शेपूट खाली लोंबत असेल तर जनावर शांत आहे, शेपूट ताठ उभी झाली की ते चिडलं आहे. गाढवं भेटतील ती मात्र थेट खिडकीशी येतात. एके काळी पर्यटकांना डोंगरावर नेण्यासाठी ओझ्याची गाढवं होती, ते बंद झाल्यावर मोकळी सोडली, त्यांचे हे वंशज. काच खाली केलीत की तोंड आत. मुलांना चिवड्याची पिशवी उघडू देऊ नका. मीठ-तिखट त्यांच्या पोटाला वाईट, आणि खायची सवय लागलेलं जनावर रस्त्यातून हलत नाही.

या लूपवरून कच्चे रस्तेही फुटतात, त्यांतला लेम जॉनी रोड मला फार आवडतो. खडीचा आहे, कोरडा असताना साधी गाडी आरामात जाते. वेग वीसच्या आत ठेवा, पुढच्या गाडीची धूळ बसू द्या. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. इथे माणसं जवळजवळ नसतात. गाडी बंद करून काचा उघडायच्या आणि बसून राहायचं. ऊन तापलं की पाँडेरोसा पाइनच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. जवळ जाऊन नाक लावा, मुलांना विश्वास बसत नाही. लूपवर ठिकठिकाणी काळी पडलेली, उभीच्या उभी मेलेली झाडं दिसतील. डिसेंबर २०१७ मध्ये विजेच्या तारेवर झाड पडून वणवा लागला आणि ५४,००० एकर जळालं. जळलेल्या बुंध्यांमध्ये आता गवत गुडघाभर आहे आणि बायसन तिथेच चरतात.

प्रवेशाचं एक सांगते, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. हे स्टेट पार्क आहे, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. वेगळं प्रवेशशुल्क भरावं लागतं. फोनला बऱ्याच भागात रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. पेट्रोल कस्टर गावातच भरून निघा.

आता आई. गाडी लागणाऱ्या माणसाला या रस्त्यावर नेऊ नये असं मी म्हणणार नाही. मळमळ होते ती बहुतेक वेळा चालवणाऱ्यामुळे. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, वळण सुटता सुटता हळूच वेग द्या. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गियर निवडता येतो, इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि गचके बसत नाहीत. आईंना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांबवर, हातात फोन नाही. निघताना पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. मी आल्याची वडी आणि सुकवलेला आवळा ठेवते. गोळी द्यायची असेल तर त्यांची बाकीची औषधं बघून डॉक्टरांनी सांगितलेलीच द्या, आणि निघायच्या आधी द्या. उलटी होऊन गेल्यावर तिचा उपयोग नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा. या रस्त्यांवर थांबायच्या जागा मुबलक आहेत, त्यासाठीच ठेवल्या आहेत.

तारखांचं बघा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जवळच्या स्टर्जिस गावी मोटरसायकलस्वारांचा मेळावा भरतो, १९३८ पासून. लाखो लोक येतात आणि त्यांतले बरेचसे नेमके याच दोन रस्त्यांवर असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, बहुतेक जण जपून चालवतात, पण आंधळ्या वळणावर समोरून वीस गाड्यांची रांग येते तेव्हा नवख्या माणसाचा हात कापतो. खोल्याही मिळत नाहीत. तारखा सरकवून ऑगस्टअखेरीस जा. आईबाबांचा मुक्काम लांबणार असेल तर सप्टेंबरचा शेवट त्याहून चांगला. अॅस्पेन आणि बर्च पिवळे होतात, आणि शेवटच्या शुक्रवारी घोडेस्वार सगळा बायसनचा कळप हाकून आणतात. गवत पुरेल एवढीच जनावरं ठेवून बाकीची विकतात, त्यासाठी ही मोजणी. त्या दिवशी धावत्या कळपाने जमीन हादरते. मात्र गर्दी प्रचंड असते, पहाटे अंधारात निघावं लागतं. त्याहून उशीर नको, बर्फ पडला की नीडल्स हायवे वसंतापर्यंत बंद होतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज आणि गारा येतात, त्यामुळे घाटातलं काम कुठल्याही तारखेला दुपारी एकच्या आत संपवा.

राहिले बाबा. भाड्याच्या करारात ज्यांची नावं आहेत त्यांनीच गाडी चालवायची असते. दुसऱ्याच्या हातून काही झालं तर विमा हात वर करतो. पण करारात नाव घालता आलं तरी नीडल्स आणि आयर्न माउंटनवर त्यांना चालवायला देऊ नका. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. चाळीस वर्षं उजवीकडे बसून, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवलेला माणूस आंधळ्या वळणावर दचकला तर सवयीने डावीकडे ओढतो, आणि इथे डावीकडे समोरचा येत असतो. माझे वडील वरंधा घाट रात्री पावसात चालवायचे. तेसुद्धा इथे पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर बसून वळणावळणाला उजवा पाय जमिनीवर दाबत होते. इकडे प्रवाशाची जागा उजवीकडे, म्हणजे नेमकी त्यांची चालकाची जागा, फक्त पायाखाली ब्रेक नाही.

मी त्यांना दुसरं काम दिलं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, अरुंद ठिकाणी समोरचा पूर्ण बाहेर आल्याशिवाय शिरायचं नाही, बोगद्याच्या तोंडाशी दिवे लावून एकदा हॉर्न द्यायचा, हे सगळं त्यांना माझ्याहून जास्त येतं. नीडल्स आयपाशी ते उतरले, चालत पलीकडे गेले, समोरच्या गाडीला हात दाखवून थांबवलं आणि मला खूण केली, ये. आरसे मिटवलेले होते, मी त्यांच्या हाताकडे बघत गाडी बाहेर काढली. तुमच्या बाबांनाही तिथे उतरवा.